जुन्या अमेरिकी पुस्तकाचा कॉपीराइट रिन्यू झाला होता का? शोध कसा घ्यायचा

अनुवादासाठी पुस्तक घेऊन येणारी व्यक्ती बहुतेक वेळा एक वाक्य ठरवूनच येते: "पुस्तक जुनं आहे, आता कसला कॉपीराइट?" या वाक्यावर मी कधीच मान डोलावत नाही. अमेरिकेत 1948 साली निघालेलं एक पुस्तक आज तिथे सगळ्यांसाठी मोकळं असू शकतं, आणि त्याच वर्षी त्याच शहरात छापलेलं दुसरं 2043 संपेपर्यंत बांधलेलं असू शकतं. दोघांमध्ये फरक असतो एका अर्जाचा. लेखकाने किंवा त्याच्या वारसांनी 28व्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज भरला होता की नाही, यावर सगळं ठरतं.

हा अर्ज शोधता येतो. त्यासाठी दर वेळी वकील लागत नाही, वॉशिंग्टनला जावं लागत नाही. घरी बसून, संगणकावर, दोन-तीन संध्याकाळी खर्च करून बऱ्याच पुस्तकांचा निकाल लावता येतो. अट एवढीच की घाई करायची नाही आणि जे शोधलं ते लिहून ठेवायचं.

आधी एक गैरसमज दूर करू

भारतात कॉपीराइटचं नूतनीकरण नावाची गोष्टच नाही. 1957 च्या आपल्या कायद्यानुसार पुस्तकावरचा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून 60 वर्षं राहतो. नोंदणी ऐच्छिक आहे. केली तर पुरावा म्हणून उपयोगी पडते, नाही केली तरी हक्क जात नाही. दर दहा वर्षांनी नूतनीकरण लागतं ते ट्रेडमार्कला.

हे मुद्दाम सांगतोय, कारण एका दिवंगत मराठी लेखकाच्या मुलीकडून एका एजंटाने "वडिलांच्या पुस्तकांचे कॉपीराइट रिन्यू करून देतो" असं सांगून पुस्तकामागे पैसे घेतलेले मी पाहिले आहेत. तिच्या हातात कसलीशी पावती होती, शिक्का होता आणि कायद्याच्या दृष्टीने त्या कागदाला शून्य किंमत होती. तुमच्या घरी भारतात प्रसिद्ध झालेली पुस्तकं असतील आणि कोणी असं सांगत आला, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

नूतनीकरण हा अमेरिकेचा विषय आहे, आणि तोही जुन्या कायद्याचा.

28 अधिक 28 चा हिशेब

अमेरिकेचा 1909 चा कायदा पुस्तकाला प्रसिद्धीपासून 28 वर्षं संरक्षण द्यायचा. त्यानंतर अजून 28 वर्षं हवी असतील, तर पहिल्या मुदतीच्या शेवटच्या वर्षात अर्ज करावा लागे. अर्ज राहिला की हक्क कायमचा संपला. उशिराची माफी नव्हती. पुढे 1978 पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने दुसरी मुदत 47 वर्षांची केली, 1998 मध्ये ती 67 झाली. म्हणून ज्याचं नूतनीकरण वेळेत झालं, त्याला एकूण 95 वर्षं मिळतात.

बहुतेकांनी अर्ज केलेच नाहीत. अमेरिकी कॉपीराइट कार्यालयाच्या बार्बरा रिंगर यांनी 1960 मध्ये या विषयाचा अभ्यास केला. त्या काळात नूतनीकरणाला पात्र असलेल्या सिनेमांपैकी सुमारे 74 टक्के सिनेमांचं नूतनीकरण होत होतं, पुस्तकांपैकी जेमतेम 7 टक्के पुस्तकांचं. कारण समजण्यासारखं आहे. 28 वर्षांनी प्रकाशक बंद पडलेला असतो, लेखक म्हातारा झालेला किंवा गेलेला असतो, आणि पुस्तक विकायचं केव्हाच थांबलेलं असतं. आपल्यासारख्यांसाठी मात्र याचा अर्थ असा की शेतीवरची, सुतारकामावरची, बालमानसशास्त्रावरची, प्रवासवर्णनांची कितीतरी चांगली पुस्तकं मोकळी पडून आहेत आणि ती शोधण्याचे कष्ट कोणी घेत नाही.

पहिली पायरी: वर्षावरून गट ठरवा

पुस्तक अमेरिकेत पहिल्यांदा कधी प्रसिद्ध झालं ते बघा.

1930 किंवा त्याआधीचं असेल तर 1 जानेवारी 2026 पासून ते अमेरिकेत मोकळं आहे. नूतनीकरण झालेलं असो वा नसो, शोधाची गरजच नाही. ही सीमा दर 1 जानेवारीला एकेक वर्ष पुढे सरकते.

1931 ते 1963 मधलं असेल तर खरा शोध इथे आहे. हा लेख मुख्यतः याच गटासाठी.

1964 ते 1977 मधलं असेल तर नूतनीकरण आपोआप झालेलं आहे. जून 1992 मध्ये अमेरिकी संसदेने तसा कायदा केला. अर्ज सापडला नाही म्हणून हे पुस्तक मोकळं समजू नका. ही चूक अनुभवी माणसंही करतात.

1978 पासूनच्या पुस्तकांना नूतनीकरणच नाही, तो वेगळा हिशेब.

दुसरी पायरी: कॉपीराइटचं पान नीट वाचा

शीर्षकपानाच्या मागचं पान. आपण त्यावरून नजर फिरवून पुढे जातो, पण अर्धी उत्तरं तिथेच असतात. जमल्यास मूळ आवृत्ती आणि नंतरची एखादी पुनर्मुद्रित प्रत, दोन्ही मिळवा. नूतनीकरण झालं असेल तर नंतरच्या प्रतींवर ते बहुधा छापलेलं असतं.

मराठी वाचकांना चांगलं ठाऊक असलेलं उदाहरण घेऊ. डेल कार्नेगी यांचं 'हाऊ टू विन फ्रेंड्स अँड इन्फ्लुअन्स पीपल' 1936 मध्ये आलं. त्याच्या पुढच्या आवृत्त्यांच्या कॉपीराइट पानावर दोन गोष्टी दिसतात: 1936 चा कॉपीराइट डेल कार्नेगी यांच्या नावाने, आणि 1964 चं नूतनीकरण डोना डेल कार्नेगी व डोरोथी कार्नेगी यांच्या नावाने. आता हिशेब करा. 1936 मध्ये 28 मिळवले की 1964. कार्नेगी 1955 मध्ये वारले होते, म्हणून अर्ज पत्नी आणि मुलीने केला. एका ओळीत अख्खी पद्धत दिसते. म्हणजे मूळ पुस्तक अमेरिकेत 2031 संपेपर्यंत बांधलेलं आहे. भारतात मात्र लेखकाच्या मृत्यूनंतरची 60 वर्षं 2015 अखेर संपली. शिवाय या पुस्तकाची 1981 ची सुधारित आवृत्ती आहे, आणि तिच्यात नव्याने घातलेल्या मजकुराचा हक्क वेगळा. म्हणून "हे पुस्तक मोकळं आहे का" असं विचारू नका. "या देशात, या आवृत्तीतला मजकूर मोकळा आहे का" असं विचारा.

कॉपीराइटच्या पानावर अजून एक गोष्ट बघा: सूचनेतलं वर्ष. पुस्तक जानेवारी 1952 मध्ये बाजारात आलं, पण पानावर 1951 छापलं असेल, तर मुदत 1951 पासून मोजली जाते. नूतनीकरणही त्याच हिशेबाने एक वर्ष आधी शोधावं लागतं.

तिसरी पायरी: ते खरंच अमेरिकी पुस्तक आहे का?

ही पायरी गाळली तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. परदेशी लेखकाचं, परदेशात आधी प्रसिद्ध झालेलं पुस्तक नूतनीकरण न झाल्याने अमेरिकेत मोकळं झालं असेल, तरी 1 जानेवारी 1996 रोजी त्याचा हक्क तिथे परत जिवंत झाला. अट एवढी की त्या दिवशी ते आपल्या मायदेशात संरक्षित असलं पाहिजे, आणि मूळ प्रसिद्धीनंतर 30 दिवसांच्या आत अमेरिकेत प्रसिद्ध झालेलं नसावं.

आपल्याकडच्या पुस्तकांनाही हे लागू होतं. साने गुरुजींचं 'श्यामची आई' 1935 मध्ये आलं, गुरुजी 11 जून 1950 ला गेले. भारतात 1 जानेवारी 2011 पासून ते पुस्तक सगळ्यांचं आहे. पण 1996 मध्ये ते भारतात संरक्षित होतं, म्हणून अमेरिकेत त्याचा हक्क परत उभा राहिला आणि तो 2030 संपेपर्यंत चालतो. न्यू जर्सीतल्या एखाद्या मराठी मंडळाला ते तिथे छापायचं असेल, तर "भारतात तर मोकळं आहे" हे उत्तर पुरत नाही.

ब्रिटिश पुस्तकांबाबत याच कारणाने खास सावध राहा. लंडनची आवृत्ती आधीची आणि न्यूयॉर्कची नंतरची, असं खूप पुस्तकांचं असतं. दोन्हींच्या प्रसिद्धीच्या तारखा जुळवून पाहा.

चौथी पायरी: कुठे शोधायचं

आता 28वं वर्ष काढा. 1950 च्या आधीच्या पुस्तकांची मुदत वाढदिवसासारखी मोजली जायची. 10 मे 1940 ला प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाचा अर्ज 10 मे 1967 ते 10 मे 1968 या वर्षभरात यायला हवा. म्हणजे तुम्हाला 1967 आणि 1968, दोन्ही वर्षं बघावी लागतील. 1950 आणि त्यानंतरच्या पुस्तकांची मुदत कॅलेंडर वर्षाच्या शेवटी संपते, त्यामुळे 1955 च्या पुस्तकाचा अर्ज 1983 मध्ये सापडायला हवा.

सुरुवात स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या नूतनीकरण डेटाबेसपासून करा. 1923 ते 1963 मधल्या अमेरिकी पुस्तकांच्या नूतनीकरण नोंदी त्यात आहेत. मोफत आहे, सोपा आहे. पण त्यात फक्त पुस्तकं आहेत. नाटकं, संगीत, मासिकं, सिनेमे नाहीत. नाटकाचं पुस्तक तिथे सापडलं नाही म्हणून खूश होऊ नका, त्याची नोंद वेगळ्या वर्गात असते.

दुसरं ठिकाण, अमेरिकी कॉपीराइट कार्यालयाची ऑनलाइन सूची. तिच्यात 1978 पासूनच्या नोंदी आहेत, म्हणजे 1951 ते 1963 मधल्या पुस्तकांची नूतनीकरणं तिथे थेट मिळतात. 1950 च्या पुस्तकाचा अर्ज 1977 मध्येही आलेला असू शकतो, म्हणून त्यासाठी पुढची छापील सूचीही बघा. या काळातलं पुस्तक असेल तर स्टॅनफर्डचं उत्तर इथे पडताळून घ्याच.

1931 ते 1950 मधल्या पुस्तकांसाठी 'कॅटलॉग ऑफ कॉपीराइट एंट्रीज' ही छापील सूची. कॉपीराइट कार्यालय ती दरवर्षी काढायचं. तिचे स्कॅन केलेले खंड इंटरनेट आर्काइव्हवर आहेत, आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या ऑनलाइन बुक्स पेजवर कोणत्या वर्षाचा कोणता खंड कुठे आहे याची व्यवस्थित यादी आहे. या यादीशिवाय खंडांत शिरू नका. वर्षाचे दोन अर्धे, शिवाय पुस्तकं, नाटकं, मासिकं असे वेगवेगळे भाग, त्यात माणूस हरवतो. खंडात नूतनीकरणांचा विभाग स्वतंत्र असतो. स्कॅनमधला मजकूर यंत्राने वाचलेला असल्याने शोधखिडकीवर विसंबू नका. लेखकाच्या आडनावाच्या वर्णानुक्रमाने पानं उलटून डोळ्यांनी बघा.

नाव शोधताना हात सैल ठेवा. लेखकाचं टोपणनाव, लेखिकेचं लग्नाआधीचं आणि नंतरचं आडनाव, सहलेखक, चित्रकार, सगळ्यांनी शोधा. पुस्तकाचं नाव आवृत्तीगणिक बदललेलं असू शकतं. मूळ नोंदणी क्रमांक मिळाला तर त्यानेही शोधा, तो सगळ्यात पक्का धागा.

पाचवी पायरी: नोंद वाचायला शिका

छापील सूचीतली नोंद म्हणजे दोन-तीन ओळींचा गिचमीड मजकूर. समजा तुम्हाला अशी नोंद दिसली: पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव, मग 12 मार्च 40, त्यापुढे ए अक्षर आणि सहा आकडे. नंतर एका बाईचं नाव, त्यापुढे कंसात डब्ल्यू. मग 20 मार्च 67, आणि आर अक्षरासह आणखी सहा आकडे.

पहिली तारीख प्रसिद्धीची, ए चा क्रमांक मूळ नोंदणीचा. ए म्हणजे पुस्तकांचा वर्ग. बाईच्या नावापुढचा डब्ल्यू म्हणजे लेखकाची विधवा पत्नी. ए असता तर स्वतः लेखक, सी असता तर मूल, ई असता तर मृत्युपत्राचा व्यवस्थापक, एन आणि के जोडीने असते तर जवळचे नातलग. शेवटची तारीख नूतनीकरणाची, आर चा क्रमांक त्याच्या नोंदीचा. 1978 नंतरच्या नोंदींत आर च्या जागी आर-ई येतं.

आता तारखा तपासा. 12 मार्च 1967 ते 12 मार्च 1968 ही खिडकी, अर्ज 20 मार्च 1967 चा, म्हणजे वेळेत. हाच अर्ज 20 मार्च 1968 चा असता, तर तो आठ दिवसांनी उशिरा ठरला असता आणि पुस्तक मोकळं झालं असतं.

अर्ज कोणी केला हेही महत्त्वाचं. साध्या पुस्तकाचा अर्ज लेखकानेच करायचा, तो नसेल तर पती-पत्नी किंवा मुलांनी, तेही नसतील तर मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाने, आणि मृत्युपत्र नसेल तर जवळच्या नातलगांनी. प्रकाशक किंवा संस्था स्वतःच्या नावाने अर्ज करू शकायची ती ठराविक प्रकारांत: नोकरीचा भाग म्हणून लिहून घेतलेलं काम, मासिकं-कोश यांसारखी संकलनं, मरणोत्तर प्रसिद्ध झालेलं लेखन. एखाद्या कादंबरीचा अर्ज नुसत्या प्रकाशकाच्या नावाने दिसला, तर त्या नूतनीकरणाच्या वैधतेवर प्रश्न उभा राहतो. पण हा प्रश्न तुम्ही स्वतः निकालात काढू नका. इथे वकिलाचा सल्ला घ्यायचा.

सहावी पायरी: पोटातल्या गोष्टी

फ्रँक काप्रा यांच्या 'इट्स अ वंडरफुल लाइफ' या 1946 च्या सिनेमाचं नूतनीकरण 1974 मध्ये राहून गेलं. अमेरिकेतल्या टीव्ही केंद्रांनी तो दर नाताळला फुकट दाखवायला सुरुवात केली, आणि प्रदर्शनाच्या वेळी फारसा न चाललेला हा सिनेमा त्यामुळेच घराघरात पोहोचला. पण तो फिलिप व्हॅन डोरेन स्टर्न यांच्या कथेवर बेतलेला होता, आणि त्या कथेचा हक्क जिवंत होता. 1993 मध्ये ती कथा आणि सिनेमातलं संगीत यांच्या जोरावर हक्कदार कंपनीने मोकळं प्रक्षेपण थांबवलं.

पुस्तकांचंही असंच असतं. कथासंग्रहाचं नूतनीकरण झालेलं नाही, पण त्यातली एखादी कथा आधी मासिकात आली होती आणि तिचं स्वतंत्र नूतनीकरण झालं आहे, असं होतं. मग ती कथा वगळावी लागते. मासिकांच्या अंकांची नूतनीकरणं वेगळ्या भागात असतात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्याच पानावर कोणत्या मासिकाचा कोणता अंक पहिल्यांदा रिन्यू झाला याची यादी आहे, ती इथे खूप वेळ वाचवते. चित्रं, प्रस्तावना, दुसऱ्या भाषेतून केलेला इंग्रजी अनुवाद, सगळं असंच सुटं करून तपासा.

मराठी अनुवाद भारतात काढायचा असेल तर

इथपर्यंतचं उत्तर अमेरिकेपुरतं आहे. पुस्तक पुण्यात छापून महाराष्ट्रात विकायचं असेल तर भारतीय कायदा बघावा लागतो. सोपी बाजू ही की लेखकाला जाऊन 60 वर्षं उलटून गेली असतील, तर भारतात त्याचं हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन मोकळं. लेखकाच्या मृत्यूचं वर्ष म्हणूनच आपल्या शोधाच्या वहीत अगदी वर लिहावं.

अवघड बाजू: अमेरिकेत नूतनीकरण झालेलं नाही, पण लेखक 1980 मध्ये वारला. आपल्या कायद्याचं कलम 40 सरकारला अशी तरतूद करू देतं की परदेशी कृतीला भारतात तिच्या मूळ देशातल्यापेक्षा जास्त मुदत मिळू नये. त्याखालचा आंतरराष्ट्रीय कॉपीराइट आदेश तुमच्या पुस्तकाला कसा लागतो, हे कॉपीराइट जाणणाऱ्या वकिलाकडून लेखी घ्या. शोधाची सगळी कागदपत्रं त्यांच्यापुढे ठेवलीत तर त्यांचं काम तासाभराचं होतं. नुसतं "रिन्यू झालेलं नाही म्हणे" असं सांगितलंत, तर शोधाचे पैसेही तुम्हीच भराल.

तुमच्या घरातलंच पुस्तक अमेरिकेत निघालं होतं?

सत्तरच्या दशकात तिथे गेलेल्या कितीतरी मराठी प्राध्यापकांनी, डॉक्टरांनी अमेरिकी प्रकाशकांकडून पुस्तकं काढली. त्यांच्या मुलांनी घाबरायचं कारण नाही, 1964 ते 1977 मधल्या पुस्तकांची दुसरी मुदत आपोआप सुरू झाली आहे. तरीही कॉपीराइट कार्यालयात नूतनीकरणाची नोंदणी आजही करता येते आणि तिचा उपयोग आहे. हक्क कोणाच्या नावे आहे हे सरकारी दप्तरी येतं. मूळ मुदतीत पुस्तकाची नोंदणीच झालेली नसेल, तर चोरीच्या दाव्यात कायद्याने ठरवलेली भरपाई आणि वकिलाचा खर्च मागण्यासाठी नोंदणी आधी झालेली असावी लागते.

त्यासाठी फॉर्म आर-ई भरायचा. तो कागदावरच भरून टपालाने पाठवावा लागतो. मूळ नोंदणी झाली नव्हती तर सोबत पुरवणी फॉर्म लागतो, आणि पुस्तक कॉपीराइट सूचनेसह प्रसिद्ध झालं होतं हे दाखवावं लागतं. म्हणून पहिल्या आवृत्तीची एक प्रत जपून ठेवा. फी वेळोवेळी बदलते, पाठवायच्या दिवशी कार्यालयाच्या संकेतस्थळावर बघा. अर्जदाराच्या रकान्यात भावंडांपैकी एकाचंच नाव घालून मोकळे होऊ नका. लेखक गेला असेल तर हयात जोडीदार आणि सगळी मुलं, सगळ्यांची नावं लिहा.

शोधाची वही

माझ्याकडे प्रत्येक पुस्तकामागे एक पान असतं. वर पुस्तकाचं नाव, लेखकाचं जन्म-मृत्यूचं वर्ष, पहिल्या प्रसिद्धीची तारीख, सूचनेतलं वर्ष, आणि 28वं वर्ष लाल शाईत. खाली चार रकाने: कोणत्या दिवशी शोधलं, कुठे शोधलं, कोणते शब्द टाकले, काय मिळालं. "काही मिळालं नाही" हेही लिहायचं, आणि त्या निकालाच्या पानाचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवायचा. छापील खंडात शोधलं असेल तर जिथे ते आडनाव यायला हवं होतं त्या पानाची प्रत काढायची, आधीच्या आणि नंतरच्या नावांसकट. उद्या कोणी हक्क सांगत आलं, तर तुमच्या बाजूने बोलायला ही चार पानंच असतात.